आजीच्या वहीतल्या दोन उभ्या रेघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या पश्चात तिची पाककृतींची वही नातीकडे आली. त्यातल्या नानकटाई, रव्याचा केक आणि धोंडस (काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा कोकणी केक) अशा तीन कृती तिने वहीबरहुकूम करून पाहिल्या. नानकटाई पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटली, केक फुगून खाली बसला आणि त्याला साबणासारखी चव आली, धोंडस मध्यभागी ओलेच राहिले. मापे कुठे शेरात आहेत, कुठे वाटीत, सोडा ‘पावलीभार’ असा लिहिलेला आहे, आणि तापमान किंवा वेळ कुठेच दिलेली नाही. वही चुकीची आहे की आपले काही चुकते, असे तिने विचारले आहे आणि पानांची छायाचित्रे सोबत पाठवली आहेत.

वही चुकीची नाही. नानकटाईचे पान मोठे करून पाहिले, तेव्हा तुमच्या पसरलेल्या नानकटाईचे कारण पहिल्याच ओळीत सापडले. तुम्ही मैदा ‘२ वाट्या’ असे वाचले आहे. पानावर दोनच्या आकड्यापुढे दोन उभ्या रेघा आहेत, आणि त्या तुम्हाला पूर्णविरामाच्या दंडासारख्या वाटल्या असाव्यात. त्या रेघा म्हणजे अर्धा. जुन्या हिशेबी लेखनात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण, त्यामुळे १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि २॥ म्हणजे अडीच. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे शाळेत पाठ केलेल्या पिढीला याचा खुलासा करण्याची गरजच नव्हती. तुमच्या आजीने अडीच वाट्या मैदा सांगितला आहे आणि तुम्ही दोन वाट्या घातलात. तूप तेवढेच आणि मैदा पाचव्या हिश्शाने कमी म्हटल्यावर नानकटाई पसरणारच. बाकीची पानेही याच दृष्टीने पुन्हा वाचा. धोंडसाच्या पानावर गुळापुढे ‘॥।’ आहे, ते पाऊण वाटी असे वाचायचे.

मी गेली तीस वर्षे बेकरीचा छोटा व्यवसाय करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षे लोकांच्या घरच्या वह्यांमधल्या कृती आजच्या ओव्हनवर बसवून देण्यात गेली आहेत. या वह्या लिहिणाऱ्या बायका ते लिखाण स्वतःसाठी करत होत्या, किंवा फार तर जिला सगळे हाताखाली शिकवले आहे अशा लेकीसुनांसाठी. त्यामुळे विसरण्यासारखे तेवढेच, म्हणजे प्रमाण, कागदावर उतरले आणि हाताला, डोळ्यांना व नाकाला माहीत असलेले बाकी सगळे बाहेर राहिले. म्हणूनच वही हाती आली की भाजायला सुरुवात करण्याआधी ती कोणत्या काळी, कोणत्या भांड्यावर आणि कोणत्या विस्तवावर लिहिली गेली हे ठरवावे लागते.

काळ ठरवणे बहुतेक वेळा अवघड नसते. तुमच्या वहीत मधूनच किराण्याचे हिशेब आहेत आणि ते रुपये-आणे-पै यांत आहेत, म्हणजे ती पाने बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. नव्या पैशांचा उल्लेख त्यानंतरच येऊ शकतो. किलो आणि ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात आले आणि १९६२ पर्यंत सक्तीचे झाले, तरी बायकांच्या तोंडी शेर-पावशेर पुढे कित्येक वर्षे राहिले. कृतीत डालडा असेल, तर ती १९३७ नंतरची. तुमच्या वहीत नानकटाई वाटीत, तर केक शेरात आहे. दोन कृती दोन निरनिराळ्या बायकांकडून आल्या असाव्यात, असा माझा कयास आहे. एकाच वहीत एकच माप असेल, असे कधीही धरून चालू नये.

शेराची गोम अशी की तो वजनाचाही होता आणि मापाचाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अच्छेर ४६६ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम, अदपाव ११७ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर याहून पुष्कळच लहान, सुमारे २८ तोळ्यांचा होता. म्हणून वही कोणत्या गावची, हेही विचारावे लागते. धान्याचा शेर मात्र मापाने भरत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची पायली. तांदूळ, कण्या, गहू यांच्यापुढे शेर किंवा चिपटे असेल तर ते बहुधा माप असते, आणि साखर, तूप, मैदा, रवा यांच्यापुढे असेल तर बहुधा वजन, कारण या वस्तू वाण्याकडून तागडीत तोलून यायच्या. तुमच्या केकच्या पानावर ‘रवा अच्छेर, साखर दीड पावशेर, दही पावशेर, तूप अदपाव’ असे आहे. हे वजनच आहे, आणि ग्रॅममध्ये मांडल्यावर प्रमाणही नीट जुळते.

आता ‘पावलीभार’. चांदीचा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. म्हणून ‘रुपयाभार’ म्हणजे एक तोळा, ‘अधेलीभार’ म्हणजे त्याच्या निम्मे आणि ‘पावलीभार’ म्हणजे चार आण्याच्या चांदीच्या नाण्याइतके, सुमारे २.९ ग्रॅम. चमच्यात सांगायचे तर सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित जास्त. तुम्ही एक मोठा चमचा सोडा घातल्याचे लिहिले आहे. तो भरला चौदा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाचपट. सोड्याला काम करायला आंबट पदार्थ लागतो, आणि पावशेर चांगल्या आंबट दह्याला पावलीभार सोडा जेमतेम पुरतो. उरलेला सोडा केकमध्ये तसाच राहिला, त्याची ती साबणासारखी चव. फुगून खाली बसण्याचेही तेच कारण. हवा एकदम भरपूर सुटली, केक वर आला, आणि रवा शिजून घट्ट धरण्याआधीच ती निसटून गेली. आजी ‘दही’ लिहिते तेव्हा ते आदल्या दिवशीचे, घरी विरजलेले आणि चांगले आंबट असते. डब्यातले गोडसर दही वापरायचे असेल तर ते एक रात्र ओट्यावर ठेवून आंबू द्या. त्याच पानावर ‘रवा रात्री भिजवावा’ असे आहे आणि तुम्ही अर्धाच तास भिजवलात. बारीक रवा घेतला तर दोन तासांत भागते; जाडा रवा मात्र रात्रभर भिजायलाच हवा, नाहीतर तो ओव्हनमध्ये दह्यातले पाणी ओढून घेतो आणि केक कोरडा व कणीदार लागतो. सोडा मात्र रात्री कालवायचा नाही. ओव्हन तापला की मगच, अगदी शेवटी.

वाटीचा प्रश्न याहून सोपा आहे, पण त्याला माणसे लागतात. आजीची वाटी शोधा. स्वयंपाकघरातली सगळी भांडी वाटली गेली असली तरी मोजायची वाटी बहुधा कुणाच्या तरी तांदळाच्या डब्यात सापडते. ती काठोकाठ पाण्याने भरून पाणी वजन करा. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर वाटी. माझ्या पाहण्यातल्या घरगुती वाट्या दीडशे ते दोनशे मिलिलिटरच्या आहेत, आणि बाजारात मिळणारा मोजायचा कप २४० चा. वाटी सापडली नाही, तरी सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतल्यास प्रमाण बिघडत नाही. बिघडते ते वाटी आणि छटाक यांची सरमिसळ झाल्यावर.

तरीही वाटीभर तूप म्हणजे किती, हा वाद उरतोच. मी १६० मिलिलिटरच्या वाटीने मोजून पाहिले आहे. पातळ केलेले तूप १४५ ग्रॅम भरते, आणि तेच रवाळ, थिजलेले तूप चमच्याने अलगद भरले तर मध्ये पोकळी राहून सव्वाशे-एकशे तीस ग्रॅमच भरते. मैद्याचेही तसेच. चाळून हलक्या हाताने भरलेली वाटी ८५ ग्रॅमची आणि डब्यात खुपसून दाबून काढलेली शंभरच्या पुढे जाते. तुमच्या पानावर ‘थिजले तूप’ असे स्पष्ट लिहिले आहे आणि तुम्ही ते वितळवून मोजले आहे. म्हणजे मैदा कमी आणि तूप जास्त, असे दोन्हीकडून झाले.

नानकटाईवर थोडे थांबते, कारण या वह्यांमध्ये सर्वात जास्त वेळा येणारा आणि सर्वात जास्त वेळा बिघडणारा पदार्थ तोच. माझ्या स्वतःच्या आजीच्या वहीत तो अडीच ओळींत आहे: ‘तूप पावशेर, साखर पावशेर, मैदा मावेल तितका, वेलची, जायफळ. भट्टीवरून आणावी.’ मी सुरुवातीची कित्येक वर्षे तूप-साखरेच्या दुप्पट मैदा वजन करून घालत होते, आणि कधी नानकटाई उत्तम व्हायची, तर कधी पापडासारखी. शेवटी एका दिवाळीत मावशीने माझ्या हातातला तराजू बाजूला ठेवायला लावला आणि परात मांडीशी ओढून घेतली. थिजलेले तूप तिने तळव्याने परातीत एकाच दिशेने फेसायला सुरुवात केली. पिवळसर तूप दहा मिनिटांत पांढरे पडले आणि बोटाने उचलले तर टोक उभे राहू लागले. मग पिठीसाखर घालून पुन्हा तितकाच वेळ फेसले. मैदा तिने मूठमूठ करून घातला, आणि प्रत्येक मुठीनंतर थोडा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला. कडा गुळगुळीत राहिल्या आणि अंगठ्याला तूप लागले, तर अजून मैदा. कडांना बारीक चिरा पडू लागल्या की बस. त्या दिवशी शिल्लक राहिलेला मैदा मी तोलून पाहिला. २३३ ग्रॅम तुपात ४४८ ग्रॅम मैदा मावला होता. त्यानंतर दर वेळी तोलत आले आहे; थंडीत ४३० ग्रॅमला भागते आणि दमट पावसाळी दिवशी ४६० च्या पुढे जावे लागते. ‘मावेल तितका’ हा शब्द म्हणजे आळस नव्हता, ती कसोटी होती, आणि ती ग्रॅमच्या कुठल्याही आकड्यापेक्षा नेमकी आहे. (तूप पुरेसे फेसले की नाही हे पाहायला ते पाण्यात टाकावे, तरंगले की झाले, असे अनेकजणी सांगतात. तूप न फेसताही तरंगतेच; ती परीक्षा वाटलेल्या डाळीची आहे.)

फेसताना तूप वितळू लागले तर परातीखाली गार पाण्याचे ताट ठेवा. गाईचे तूप तिशीच्या आसपासच्या तापमानाला पातळ होते, त्यामुळे मे महिन्यात मुंबईत ही कृती वहीबरहुकूम करणे अशक्य आहे. त्या दिवसांत गोळे करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. वनस्पती तूप उन्हाळ्यातही घट्ट राहते आणि फेसल्यावर हवा चांगली धरून ठेवते. अनेक वह्यांमध्ये साजूक तुपाच्या जागी डालडा येतो, त्यामागे स्वस्ताईखेरीज हेही कारण आहे. आजचे वनस्पती तूप पूर्वीचे राहिलेले नाही. ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली आणि त्यासाठी उत्पादकांना तेलांची मिश्रणे बदलावी लागली. मी अशा कृतीत तितक्याच वजनाचे साजूक तूप घेते आणि गोळे थंड करते. बटर मात्र वजनाला वजन घेऊ नका. त्यात सोळा-सतरा टक्के पाणी असते, नानकटाईला पाणी नको असते, आणि बाजारच्या बटरमध्ये मीठही असते. ‘लोणी’ लिहिले असेल, तर ते घरचे, ताकाचा अंश राहिलेले, किंचित आंबट लोणी. त्या आंबटपणावर चिमूटभर सोडा उठतो. तिथे खारे बटर घालून सोडा तेवढाच ठेवला की चव बिघडते.

‘भट्टीवरून आणावी’ या दोन शब्दांत तुमचे न सापडणारे तापमान आणि वेळ आहे. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरची बायकामुले जवळच्या बेकरीत आपापले तूप, साखर, मैदा घेऊन जात. काही ठिकाणी मिश्रण घरीच करून नेत आणि तिथल्या काळ्या पत्र्यांवर नानकटाया मांडून देत. बेकरीवाला पत्र्यामागे किंवा वजनामागे मजुरी घेई आणि संध्याकाळी भरलेले डबे घरी येत. यामागे नुसता घरी ओव्हन नसण्याचा प्रश्न नव्हता. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक आणि रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभे राहिले होते. बाहेरचे बिस्कीट खाण्याविषयीचा तो संकोच सोवळ्यातल्या घरांतून पुढेही बराच काळ टिकला. घरचे तूप, घरच्या हाताने वळलेले आणि अंड्याशिवायचे असेल, तर विस्तव दुसऱ्याचा चालत असे. तुमच्या वहीतल्या एकाही भाजीव पदार्थात अंडे नाही आणि दही-सोडा मात्र जागोजागी आहे, त्याचे मूळ मला इथे दिसते.

पण भाजण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की ही कामे बेकरीवाला पावाची खेप निघाल्यावर, दुपारी घेत असे. विटांच्या भट्टीतला जाळ तेव्हा काढून टाकलेला असे आणि ताव हळूहळू उतरत असे. नानकटाई आत गेली तेव्हा भट्टी चांगली गरम होती, आणि बाहेर आली तेव्हा निवत आलेली होती. घरच्या ओव्हनमध्ये एकाच तापमानावर भाजलेली नानकटाई एकतर खालून करपते किंवा मध्ये मऊ राहते, ती त्यामुळेच. मी ओव्हन १८० अंशांवर वीस मिनिटे तापवते, पत्रा मधल्या खणात ठेवते, सहा-सात मिनिटांनी वरून चिरा उमटू लागल्या की तापमान १५० वर आणते आणि आणखी बारा ते पंधरा मिनिटे भाजते. वरचा रंग पांढराच राहिला पाहिजे. उचलून पाहिल्यावर खालची बाजू बदामी दिसली की ओव्हन बंद करून दार बोटभर उघडे ठेवायचे आणि पत्रा तसाच आत निवू द्यायचा. पंखा असेल तर बंद ठेवा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतला ताव यांत वीस-तीस अंशांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून आत ठेवायचा साधा तापमापक घ्या. या सगळ्या उद्योगात तराजूनंतरची ती दुसरी आवश्यक खरेदी आहे. गरम नानकटाई मऊच लागते. ती कच्ची आहे असे समजून पुन्हा भाजू नका.

एखाद्या पानावर बिस्किटांमध्ये ‘अमोनिया’ दिसला तर घाबरू नका. तो अमोनियम बायकार्बोनेट; बेकरीच्या सामानाच्या दुकानात आजही मिळतो. पातळ, कोरड्या बिस्किटांतून त्याचा वास भाजताना पूर्ण निघून जातो. जाड केकमध्ये तो अडकून राहतो, म्हणून तिथे कधीही घालू नये.

धोंडसाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते भट्टीचे नसून चुलीचे भाजणे आहे, आणि माझ्या मते तुमच्या वहीतली ही सगळ्यात जुनी कृती असावी. कोकणात ते जाड बुडाच्या टोपात, वर ताटली झाकून, ‘वर-खाली निखारे’ ठेवून भाजतात. तुम्ही किसलेल्या काकडीचे पाणी पिळून टाकले आणि त्याऐवजी दूध घातले, असे लिहिले आहे. तसे करायचे नाही. तांदळाचा रवा त्याच पाण्यात शिजतो आणि सगळा स्वादही त्याच पाण्यात असतो. पानावर ‘तवसे’ आहे, म्हणजे पावसाळ्यातली मोठी, जून काकडी. बिया काढून, देठाकडची फोड आधी चाखून कडू नसल्याची खात्री करून मग किसायची. तुमच्या आजीने रवा तुपावर भाजून, काकडीच्या किसात गुळासह ‘आटवून’ घ्यायला सांगितले आहे. ही पायरी तुमच्याकडून सुटली. मिश्रण चुलीवरच इतके घट्ट झाले पाहिजे की उलथन्यावरून गोळ्याने पडावे. ओव्हनचे काम फक्त वर-खाली खरपूस करण्याचे. त्यानंतर हळदीच्या पानावर ओतून, वरची व खालची दोन्ही कॉइल लावून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात. आणि गरम असताना कापू नका. तांदळाचा पदार्थ पूर्ण निवल्यावरच धरतो, आणि धोंडस दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते.

मूळ वही ओट्यावर नेणे आजपासून बंद करा. प्रत्येक पानाचे दिवसाउजेडी छायाचित्र काढा, छापील प्रत स्वयंपाकघरात ठेवा आणि तिच्या समासात तारीख घालून आपली वजने लिहा. पानांना लॅमिनेशन करू नका. ती उष्णता आणि तो गोंद पुन्हा काढता येत नाही. उतरवून घेताना आजीची अक्षरे, खोडलेले शब्द आणि त्या उभ्या रेघा जशाच्या तशा उतरवा, आणि आपला अर्थ शेजारी वेगळ्या शाईने लिहा. दर खेपेला एकच गोष्ट बदला. मैदा आणि ताव एकदम बदलले तर काय सुधारले ते कळत नाही.

शेवटच्या छायाचित्रातल्या पानाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण त्यावर वर ‘खारी बिस्किटे’ आणि खाली फक्त ‘सखूप्रमाणे’ एवढेच लिहिले आहे. ते पान मला सोडवता येणार नाही. सखू कोण हे सांगू शकेल असे आजीच्या वयाचे कुणी घरात किंवा माहेरी असेल, तर त्यांच्याकडे फोनवर चौकशी न करता मैदा, तूप आणि परात घेऊन जा. विचारले तर त्या ‘अंदाजाने घालायचे’ एवढेच सांगतील; परात पुढे ठेवली की हात आपोआप चालू लागतो, आणि तेव्हा प्रत्येक मुठीआधी डबा तराजूवर ठेवायचा.